वाघरीबाहेरचा राखणदार

चिकोडी तालुक्यातील एका रिकाम्या शेतात आज धनगरांची मेंढरे बसली आहेत. शेताला लेंडीखत मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. सीमाभागातील हा जुना व्यवहार आहे. दिवस मावळताना मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावून झाली आहे आणि तीन दगडांच्या चुलीवर जोंधळ्याची भाकरी भाजली जात आहे. कुत्रा मात्र चुलीजवळ नाही आणि धन्याच्या घोंगड्यावरही नाही. वाघरीच्या बाहेर, माणसांकडे पाठ करून, अंधाराकडे तोंड करून तो बसला आहे. धन्याने भाकरीचा तुकडा पुढे केला, तेव्हा तो आला, तुकडा खाल्ला, हात हुंगला. पण तोच हात पाठीवर फिरू लागताच अंग चोरून आपल्या जागेवर परतला. या कुत्र्याला माया नाही, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

आपल्याकडील मेंढपाळांचा कुत्रा मुख्यतः राखणीचा असतो. मेंढरे वळवण्याचे काम धनगर स्वतः हाकेने आणि काठीने करतो. अशा कुत्र्याचे पिल्लूपण मेंढरांच्या उबेत जाते, आणि कुत्र्याच्या आयुष्यात हाच काळ निर्णायक असतो. अमेरिकेतील जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांना ते आपले मानू लागते. त्या आठवड्यांत ज्याला माणसाच्या मांडीपेक्षा मेंढराची कूस अधिक लाभली, त्याला पुढे मिठीची ओढ वाटली नाही, तर त्यात नवल नाही.

मेंढरे वळवणाऱ्या जातींची गोष्ट थोडी निराळी आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरील बॉर्डर कोली दबकत चालतो, नजर रोखतो आणि कळपाला वळण देतो. त्याचे सारे काम अंतर राखण्यावर आणि क्षणात हालचाल करण्यावर चालते. बेळगाव, निपाणीतील अनेक घरांत लाडाने वाढणाऱ्या जर्मन शेफर्डचे पूर्वजही जर्मनीत मेंढरेच राखत होते, आणि १८९९ मध्ये त्यांच्यापासूनच ही जात घडवण्यास सुरुवात झाली. अशा कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून त्याला आवळले, की त्याची हालचालच बंद होते. माणसाला मिठीत आपुलकी वाटते; पुष्कळ कुत्र्यांना मात्र त्यात अडकल्यासारखे वाटते. प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव वेगळा असतो आणि काही शेफर्ड मांडीवर डोके ठेवून झोपतातही, हे येथे सांगितले पाहिजे.

नको असलेला स्पर्श कुत्रा आधी शांतपणेच नाकारतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, कान मागे घेतो, अंग ताठ करतो. घरातील लहान मुले नेमक्या याच खुणा ओळखत नाहीत, आणि म्हणून मोठ्यांनी त्या ओळखणे फार गरजेचे आहे. त्याच्या बाजूला बसावे, त्याला आपणहून येऊ द्यावे, छातीवर किंवा कानामागे क्षणभर खाजवून हात काढून घ्यावा. तो पुन्हा जवळ सरकला, तर त्याला ते हवे आहे. मात्र एरवी कुरवाळून घेणारा कुत्रा अचानक हात टाळू लागला, तर कान, दात किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता असते, आणि त्याला पशुवैद्याकडे नेण्यात दिरंगाई करू नये.

रात्र वाढली आहे. वाघरीतून निसटलेले एक कोकरू अडखळत कुत्र्यापाशी आले आणि त्याच्या पोटाला टेकून बसले. मघाशी धन्याच्या हाताखालून अंग चोरणारा तो कुत्रा आता जागचा हलला नाही. कोकराने मान टाकली, तरी त्याचे कान उभेच आहेत आणि नजर अजून अंधारातच आहे.