साहेबांचा हात

मंडळी, शाहू स्मारकच्या या व्यासपीठावरनं चांगले वक्ते बोलून गेलेत. मी आयुष्यभर फायली पुढं ढकलल्या, तेव्हा सांभाळून घ्या.

ब्रिटनचे उपपंतप्रधान डॉमिनिक राब यांच्याविरुद्ध त्यांच्याच खात्यांतल्या अधिकाऱ्यांनी छळाच्या तक्रारी केल्या. अ‍ॅडम टॉली या ज्येष्ठ वकिलांनी चौकशी केली. राब यांनी कुणाला शिवी दिली, कुणावर ओरडले, याचा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. अहवालात काय आहे? हात. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर तळवा धरून त्याला थांबवायचं, टेबलावर हात आपटायचा. परराष्ट्र खात्यातल्या एका बैठकीतलं त्यांचं वागणं मात्र अवाजवी आणि सतत आक्रमक होतं, असा निष्कर्ष निघाला. २१ एप्रिल २०२३ ला राब यांनी राजीनामा दिला. जाताना म्हणाले, छळाची पट्टी फारच खाली आणून ठेवलीय.

माझा मंगळवार पेठेतला दोस्त हे ऐकून म्हणाला, "एवढ्यावर? आमचा वस्ताद तर काठीच घ्यायचा!" खरंय. कोल्हापुरात शिवीशिवाय माया पोचत नाही. पण तालमीत पोराला वस्तादावर उलटा डाव टाकता येतो, आणि तो बसला तर वस्तादच पाठ थोपटतो. साहेबांच्या केबिनमध्ये कुठला डाव टाकणार?

मी उसनवारीवर, म्हणजे मूळ विभागातनं तात्पुरता मागवून घेतलेला, एका मंत्र्यांच्या कार्यालयात होतो. साहेबांचा आवाज कधी चढला नाही. एका संध्याकाळी मतदारसंघातली पंधरा-वीस माणसं बसलेली असताना त्यांनी माझी टिपणी हातात घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागले. प्रत्येक ओळीनंतर थांबायचे, माणसं हसेपर्यंत. एका ठिकाणी माझी वेलांटी चुकली होती. ती ओळ दोनदा वाचली. मग फाईल माझ्याकडं सरकवली. नाडी बांधायला गेलो तर गाठच बसेना. बोटं माझीच होती, पण ऐकत नव्हती. दुसऱ्या दिवसापासनं कार्यालयातली माणसं चहाला मला सोडून जायला लागली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, त्यांनाही पोरंबाळं होती.

याची तक्रार करायची कुठं? लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे; दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कार्यालयात समिती नेमावी लागते. नुसत्या पाणउताऱ्यासाठी असा वेगळा कायदा नाही. राज्यातल्या सरकारी नोकरांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा एका पदावर तीन वर्षांचा कालावधी सांगतो, पण उसनवारीवरच्या माणसाला त्याचा आधार कसला! साहेबांची मर्जी गेली की एक ओळ येते: मूळ विभागात तात्काळ रुजू व्हावे. मला ती नवव्या दिवशी आली. खाली कारण लिहिलेलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.