डेंटल का घ्यायचं? (लातूरमध्ये बारावी झालेल्या मुलांशी आणि पालकांशी झालेलं बोलणं)

नमस्कार. पालकपण बरेच आलेत, ते बरं झालं, कारण मला निम्मं तुमच्याशीच बोलायचंय. नीटचा निकाल लागला की लातुरात घरोघरी एकच हिशोब सुरू होतो, ७२० पैकी किती आले, कॅटेगरी कुठली, मागच्या वर्षी कटऑफ कितीवर थांबला होता, आणि एमबीबीएसचा आकडा थोडक्यात हुकला की कुणीतरी काका नाहीतर क्लासचे सर सांगतात, मग खाली डेंटल टाकून ठेव, काहीतरी हातात असू दे. पोरगं तोवर इतकं थकलेलं असतं की ते मान हलवतं. मला त्या मान हलवण्याबद्दल बोलायचंय.

डेंटल दुसऱ्या नंबरवर टाकलं यात वाईट काहीच नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी उत्तम डेंटिस्ट असेच आलेत. पण दुसऱ्या नंबरवर टाकलेला कोर्स तसाच दुसऱ्या नंबरवर ठेवून पाच वर्षं ओढता येत नाही, चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, कधीतरी मधे तुम्हाला स्वतःचं कारण सापडावंच लागतं, आणि ते जितकं लवकर सापडेल तितकं बरं. मी गावात प्रॅक्टिस करते आणि कॉलेजला शिकवतेसुद्धा, त्यामुळे ज्यांना ते सापडलं आणि ज्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही अशी दोन्ही मुलं मी जवळून बघितलीत. हुशारीत फरक नसतो हो. कारणातच फरक असतो.

नवीन मुलांना मी विचारते, का आलात? बहुतेक जण म्हणतात, मॅडम लोकांची सेवा करायचीय. खोटं बोलत नाहीत ती, मनापासून म्हणतात. पण हेच उत्तर नर्सिंगला जाणारी मुलगी देईल, डीएडचा मुलगा देईल, तलाठ्याची परीक्षा देणारासुद्धा देईल. म्हणून मी पुढे विचारते, ठीकय, पण दातच का? तोंडच का? इथे मुलं गप्प होतात, आणि गप्प झाली की मला आवडतं, कारण विचार तिथून सुरू होतो.

आता या प्रश्नाची जी उत्तरं मला खरी वाटतात ती सांगते.

पहिलं म्हणजे हात. नीट देताना तुमच्या हाताला काय काम असतं, गोल काळे करायचे. आणि इथे आल्यावर पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीच्या जोडीला समोर मेणाची वडी येते आणि सांगतात, यातून सुळा कोरून दाखव. वॅक्स कार्व्हिंग म्हणतात त्याला. सुळ्याचा उतार, दाढेवरचे उंचवटे आणि मधल्या खाचा, मूळ कुठे बारीक होतं, सगळं मापात आलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी प्लास्टर, अ‍ॅक्रिलिक, आणि फॅन्टम हेड म्हणजे पुतळ्याच्या तोंडात खोटे दात बसवलेले असतात, त्यात आरशात उलटं बघत ड्रिल चालवायला शिकायचं. तिसऱ्या वर्षापासून खरा पेशंट. बारावीपर्यंत ज्यांना कुणी कधी विचारलंच नाही की तुझा हात कसा आहे, अशी मुलं इथे एकदम उजळतात, मी बघितलंय, रँक लिस्टमध्ये खाली असलेली मुलगी दुपारचा डबा विसरून दाढ कोरत बसते. तिला विचारलं तर ती सेवाबिवा काही म्हणणार नाही, ती म्हणेल मला हे जमतंय, अजून चांगलं करायचंय. माझ्या मते हे कारण सेवेपेक्षा कमी दर्जाचं अजिबात नाही, उलट जास्त टिकतं.

दुसरं, इथे केलेलं काम दिसतं. रात्रभर ठणक्याने झोप नाही, गाल धरून आलेला माणूस, त्याच्या दाताची नस आतून साफ केली की तो त्याच दिवशी बरा होऊन उठतो. आणि कवळीचं तर काय सांगू. खूप लोकांना वाटतं कवळी म्हणजे बाजारातून आणून बसवायची वस्तू. तसं नाही, आधी माप, मग मेणाच्या पट्ट्यांवर वरचा-खालचा जबडा कुठे जुळतो ते ठरवायचं, मग मेणात दात लावून तोंडात घालून बघायचं. त्या वेळी आम्ही पेशंटला आकडे मोजायला सांगतो, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, कारण 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांच्या किती जवळ येतात त्यावरून उंची बरोबर आहे का कळतं. 'फ' आणि 'व' म्हणताना वरचे पुढचे दात खालच्या ओठाला कुठे टेकतात तेही बघायचं असतं. म्हणजे तुम्ही माणसाला चावायला दात देताय तसंच त्याचं बोलणंही परत देताय. जी आजी किती वर्षं भाकरी दुधात कुस्करून खातेय आणि लग्नकार्यात तोंडाला पदर लावून बसतेय तिची कवळी फायनल इयरच्या पोराने केली, आणि ती नंतर दाखवायला आली की आता शेंगदाणे फुटतात, की त्या पोराला पुढची दोन वर्षं मोटिव्हेशनल व्हिडिओ बघायची गरज पडत नाही.

तिसरं कारण जरा गंभीर आहे. आत्ता सगळ्यांनी एक करा. आपल्या उजव्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि पुढच्या दातांमधून तोंडात जातात का बघा. लाजू नका, पालकांनी पण करा. जातायत ना? आता ज्याची जात नाहीत, दोनच जातात, असा माणूस मराठवाड्यात आम्हाला ओपीडीत नेहमी भेटतो, आणि तो म्हातारा नसतो, वीस-पंचवीस वर्षांचा असतो. मावा, खर्रा, गुटखा. सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठर होत जातं, दोरीसारखे पट्टे तयार होतात, आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडणं कमी होत जातं. सबम्युकस फायब्रोसिस त्याचं नाव. एकदा झालं की ते पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि पुड्या कुठे मिळतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. बायकांमध्ये मिश्री. तंबाखू भाजून पूड करून हिरड्यांना लावायची, सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगतात, आणि मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही, कारण बाई दात घासतेय ना.

आता यात डेंटिस्टचं काय काम? अहो हा माणूस कॅन्सरच्या डॉक्टरकडे स्वतःहून कधीच जाणार नाही. तो येतो दाढ दुखते म्हणून. ती बाई येते दात हलतोय म्हणून. तोंडात आरसा घालून गालाच्या आत, जिभेखाली बघणारा पहिला माणूस तुम्ही असता, आणि पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम तिथे तुम्ही ओळखली, बायोप्सी करून घेतली, तर तो माणूस लवकर उपचाराला लागतो. नाहीतर तो परळला टाटा हॉस्पिटलच्या लायनीत उभा राहतो तेव्हा गाठ मानेपर्यंत गेलेली असते. फक्त दाढ काढून पाठवून दिलं तर दाढेचं काम झालं, माणसाचं झालं नाही. ज्यांना एमबीबीएस हुकल्याचं वाटतंय की आता आपण जीव वाचवणारे डॉक्टर होणार नाही, त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आणि लहान मुलं. पालकांनो, घरात सहा वर्षांचं कुणी आहे का? साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे समजतात ही पण दुधाची, पडेल आणि दुसरी येईल. दुसरी येत नाही. आणि दाताचं वरचं कवच, एनॅमल, ते बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे हाड भरून येतं तसा दात भरून येत नाही, कीड लागून खड्डा पडला की पडला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही दाढ पार किडून आलेली बघणं मला आजही जड जातं, कारण दाढ नवीन असताना खाचांत सीलंट, म्हणजे खाच बंद करणारा पातळ थर, भरून हे बऱ्याच अंशी थांबवता आलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन एवढं सांगणारा डेंटिस्ट तालुक्याला मिळाला तरी किती फरक पडेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात म्हटलंय की जगात साधारण साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. म्हणजे काम कमी नाही.

एका माणसाबद्दल सांगते, कारण आपल्याकडे डेंटलच्या मुलांनासुद्धा त्यांचं नाव नुसतं २४ डिसेंबरच्या डेंटिस्ट डे पुरतं माहीत असतं. डॉ. रफीउद्दीन अहमद. त्यांनी अमेरिकेत आयोवाला दंतवैद्यक शिकून १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं, आणि त्याच्या खर्चासाठी तिथेच न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं दुकान चालवलं, आइस्क्रीम-सोड्याचं. त्या काळात दात काढायचे ते जत्रेत बसणारे लोक, ही शिकायची गोष्ट आहे हेच कुणाला पटत नव्हतं. त्याच कॉलेजात फातिमा जिना, म्हणजे मोहम्मद अली जिनांच्या बहीण, शिकल्या आणि १९२३ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःचा दवाखाना उघडला, एकट्या बाईने, त्या काळात. पुढे १९४८ चा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट झाला त्यामागेही डॉ. अहमद होते. त्यांच्यासमोर ना कटऑफ होता ना काउन्सेलिंग, हे काम व्हायला पाहिजे एवढंच त्यांना दिसत होतं.

आता पैशाचं, कारण पालकांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न दिसतोय आणि तो बरोबरच आहे. मी गोड बोलणार नाही. सरकारी आणि खाजगी कॉलेजच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि राज्यात सरकारी जागा मोजक्या, मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं कॉलेज, महापालिकेचं नायर, मग नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्यामुळे कर्ज काढून खाजगीत घालायच्या आधी पाच वर्षांचा सगळा खर्च कागदावर मांडा, हॉस्टेल, मेस, आणि इन्स्ट्रुमेंटसुद्धा, ती यादी मोठी असते. बीडीएस, म्हणजे डेंटलची ही पहिली डिग्री, झाल्या झाल्या दुसऱ्याच्या क्लिनिकवर असिस्टंट म्हणून लागलात तर पगार बघून वाईट वाटेल, आणि स्वतःचं क्लिनिक टाकायचं तर चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, सगळं आधी उभं करावं लागतं. पुण्या-मुंबईत एकेका गल्लीत चार बोर्ड आहेत. पण तालुक्याच्या पुढे गेलात की बोर्ड दिसत नाहीत आणि पेशंट दिसतात, तिथे पाय रोवायला तीन-चार वर्षं लागतात, पण जम बसला की लोक तुम्हाला सोडत नाहीत, बापाची दाढ काढली की तो नातवाला घेऊन येतो. पुढे शिकायचं असेल तर एमडीएस तीन वर्षं, नऊ शाखा, जबड्याची सर्जरी, दात सरळ करणं, लहान मुलांचे दात, हिरड्या, असं बरंच, त्याला वेगळी नीट. आर्मी डेंटल कोअर आहे, सरकारी नोकऱ्या आहेत पण थोड्या, परदेशात जायचं तर तिथल्या परीक्षा परत द्याव्या लागतात. लगेच श्रीमंत व्हायचं असेल तर हा रस्ता नाही, एवढं स्पष्ट सांगते.

आणि मुलींच्या आईवडिलांना एक हात जोडून विनंती. डेंटल मुलींसाठी बरं, नाइट ड्युटी नाही, लग्नानंतर घरच्या घरी बघता येतं, हे मी प्रत्येक अ‍ॅडमिशनच्या सीझनला ऐकते. तिच्यासमोर हे कारण ठेवू नका. ते तुमच्या सोयीचं आहे, तिचं नाही, आणि त्या कारणावर आलेली मुलगी पहिली अवघड अक्कलदाढ निघेना झाली की खचते, कारण त्या वेळी धरून ठेवायला तिच्याकडे स्वतःचं काहीच नसतं. तिला जबड्याची सर्जन व्हायचं असेल तर होऊ द्या, त्यात रात्री-अपरात्री अ‍ॅक्सिडेंटच्या केसेस येतात, येऊ द्या.

मगाशी मागून एका मुलीने विचारलं की मॅडम, मला हे आवडेल की नाही ते आत्ताच कसं कळणार, फॉर्म तर आठवड्यात भरायचाय. चांगला प्रश्न आहे. दोन गोष्टी कर. गावातल्या कुठल्याही डेंटिस्टला विचारून एक दिवस क्लिनिकमध्ये कोपऱ्यात बस, आमच्यातले बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पेशंटची परवानगी घेतील आणि बसवतील. तिथे रक्त, थुंकी, तोंडाचा वास, रडणारी मुलं, सगळं असेल, ते बघून तुला तिथून निघावंसं वाटतंय की पुढे सरकून बघावंसं वाटतंय ते लक्षात घे. आणि घरी साबणाची एक वडी घे, आरशासमोर उभं राहून आपली खालची पहिली दाढ नीट बघ, पाच उंचवटे असतात बहुतेक वेळा, तीन गालाच्या बाजूला आणि दोन जिभेच्या, आणि बोथट सुरीने किंवा पेनाच्या टोकाने ती कोरायचा प्रयत्न कर. पहिली बिघडणारच. दुसरी वडी घ्यावीशी वाटली तर मला फोन कर, नंबर बाहेर टेबलवर ठेवलाय. पुढचा प्रश्न घेऊया, तिकडे त्या काकांनी हात वर केलाय.