हरलेल्या फोनमधला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

आयफोन चांगला की अँड्रॉइड, हा वाद आपल्या घरात एकदा तरी झालेला असणार, आणि तो बहुधा ‘खप कोणाचा जास्त’ या प्रश्नापाशी येऊन थांबला असणार. आज मला त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. फोनच्या या चढाओढीत यशस्वी कोणाला म्हणायचे?

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन जगासमोर आणला, तेव्हा २००८ सालासाठी त्यांनी जाहीर केलेले उद्दिष्ट होते मोबाईलच्या जागतिक बाजारातील अवघ्या १ टक्क्याचे, म्हणजे सुमारे १ कोटी फोनांचे. फक्त १ टक्का, श्रोतेहो. त्या वेळी स्मार्टफोनच्या बाजारात नोकियाच्या फोनांमधील सिंबियन या प्रणालीचा, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, वाटा ६० टक्क्यांच्या वर होता. पुढे चारच वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, नोकियाने सिंबियनचा हात सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा हात धरला. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. आणि २०१५ मध्ये त्या खरेदीपोटी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती लिहिले. ६० टक्केवाला संपला आणि १ टक्का मागणारा उभा राहिला.

आज संख्येने पाहाल तर अँड्रॉइड पुढे आहे, आणि भारतात तर दहांतील नऊहून अधिक फोन अँड्रॉइडचेच आहेत. नफ्याने पाहाल तर थोडे फोन विकूनही या धंद्यातील मोठा वाटा अॅपलच्या पदरात पडतो. हे दोन्ही हिशेब खरे आहेत, पण दोन्ही कंपन्यांच्या वह्यांतले आहेत. माझे म्हणणे असे आहे की, प्रणालीचे यश तिच्या ग्राहकाला विचारावे, आणि तेही ती प्रणाली बंद पडल्यावर विचारावे. पुन्हा सांगतो, बंद पडल्यावर विचारावे. हे मला कोणी शिकवले, ते सांगतो.

माझी आत्या कराडजवळच्या एका खेड्यात राहते. २०१० च्या दिवाळीत तिच्या मुलाने तिला चांगल्यातला फोन घेऊन दिला. तो ज्या प्रणालीवर चालत होता ती आज अस्तित्वात नाही. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याच हिवाळ्यात घरात लग्न निघाले आणि हळद दळण्यासाठी माळ्यावरचे जाते खाली उतरवले गेले. माझी आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिने खुंट्याला हात लावला आणि कोणी न सांगता ओव्या म्हणू लागली. आत्याने फोन शेजारच्या सुपात उभा करून ठेवला आणि ते सारे त्यात भरून घेतले. बावीस मिनिटे. पुढच्या आषाढात आजी गेली.

त्यानंतर सणासुदीला आत्या ती बावीस मिनिटे लावत असे. २०१६ च्या पावसाळ्यात फोनची बॅटरी फुगली आणि फोन बंद पडला. आम्ही तो सेवा केंद्रात नेला. तेथे सांगण्यात आले की हे मॉडेल बंद झाले आहे, ही प्रणालीही बंद झाली आहे, सुटे भाग येत नाहीत, तेव्हा नवा फोन घ्यावा. आत्याने एवढेच विचारले, “आणि आईचा आवाज?” समोरच्या माणसाला काय बोलावे ते सुचले नाही.

परत येताना बसस्थानकासमोर मोबाईल दुरुस्तीचा एक गाळा दिसला. आत विशीतला एक मुलगा बसला होता. त्याने फोनचे मागचे झाकण नखाने उघडले, फुगलेली बॅटरी अलगद काढून बाजूला ठेवली आणि तिच्याखालच्या खाचेतून बोटाच्या नखाएवढे मेमरी कार्ड बाहेर काढले. ते शर्टाच्या बाहीला पुसून त्याने कार्ड रीडरमध्ये घातले आणि संगणकाला जोडले. पडद्यावर फायलींची रांग आली. नावांत नुसत्या तारखा, आणि शेवटी ‘एएमआर’. तो आत्याला म्हणाला, “आजी, ही फाईल नव्या फोनवर वाजेलच असं नाही. पाच मिनिटं बसा, एमपीथ्री करून देतो.”

मग ती वाजली. आधी जात्याची घरघर, मग बांगड्यांचा आवाज, मग आजीचा खोकला, आणि मग तिची पहिली ओवी. फोनला काच बसवून घ्यायला आलेला एक गृहस्थ बोलता बोलता थांबला. आत्या तोंडाला पदर लावून उभीच राहिली. मुलाने पन्नास रुपये घेतले आणि जुने कार्ड कागदाच्या पुडीत बांधून दिले. ते आजही आत्याच्या कुंकवाच्या करंड्यात आहे.

पण श्रोतेहो, त्याच फोनमध्ये आत्याचा भिशीचा हिशेबही होता. तो फोनच्या आतल्या साठ्यात, त्या प्रणालीच्या स्वतःच्या टिपणवहीत लिहिलेला होता, आणि तेथून तो त्या मुलालाही काढता आला नाही. आत्याला घरोघर जाऊन कोणाचे किती आले ते पुन्हा विचारावे लागले. सर्वांना उघडता येईल अशा रूपात कार्डावर होते ते वाचले. प्रणालीच्या पोटात कोंडलेले होते ते तिच्याबरोबर गेले.

येथे एक मत मांडल्यावाचून मला राहवत नाही. नखाने उघडणारे ते झाकण फोनांना परत मिळाले पाहिजे. युरोपीय संघाने फोनची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी असा नियम केला असून तो फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. आपल्याकडेही तसा नियम व्हावा, असे मला मनापासून वाटते.

आता काही गोष्टी सुधारल्या आहेत. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ या फोनपासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस २४ या फोनपासून सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले आहे. व्हॉट्सअॅपवरचे जुने संभाषण अँड्रॉइडवरून आयफोनवर नेता येऊ लागले, पण त्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. अॅपलने प्रतिस्पर्ध्याच्या ग्राहकाला आपल्याकडे सामान हलवण्यासाठी खास अॅप दिले ते २०१५ मध्येच. येणाऱ्याची सोय सगळेच आधी करतात. जाणाऱ्याची सोय किती केली, हे मी पाहतो. जाणाऱ्याची सोय किती केली, एवढेच पाहतो.

आत्याकडे सध्या अँड्रॉइडचा फोन आहे आणि तिची नात तिला आयफोन घेऊन द्यायचे म्हणते आहे. आत्याने अट घातली आहे की आजीची बावीस मिनिटे आधी त्या नव्या फोनवर पुरती वाजवून दाखवा, शेवटच्या ओवीपर्यंत. त्यानंतरच ती जुना फोन हातातून सोडील.