खाडीतली होडी, आभाळातलं विमान

[दृश्य: पहाट. बेलापूरची खाडी, दिवाळे कोळीवाड्याचा धक्का.]

इंजिन सुरू करण्याआधी तांडेल पाण्याकडे बघतो. ओहोटी लागली असेल तर होडी खाडीच्या तोंडाशी चटकन पोचते. भरती समोरून आली, तर अंतर तेच, इंजिन तेच, पण वेळ वाढतो. इथल्या पोरासोरांनाही हे कुणी शिकवावं लागत नाही.

याच परिसराच्या आभाळात आता विमानं दिसतात. उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी उड्डाणं सुरू झाली. तेव्हापासून घराघरांत एकच चौकशी असते: इथून अमुक गाव किती लांब, आणि पोचायला किती वेळ?

[दृश्य: नेरुळमधलं घर. टेबलावर पृथ्वीचा गोल, दोन बोटांत शिवणाचा दोरा.]

आधी अंतर. या गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर. म्हणजे त्यावरचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. दोऱ्याचं एक टोक नवी मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं, वाट आफ्रिकेवरून जाईल. पण ताणलेला दोरा बोटाखालून निसटून वर सरकतो आणि थेट आइसलँडवरून जातो. लांबी भरते साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. संगणक हेच दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतो. पण एकदा दोरा स्वतः ताणून बघाच. गोल पृथ्वी हाताला कळते.

वैमानिक हे अंतर नॉटिकल मैलांत मोजतो, दर्यावर्दी मोजतात तसंच. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर.

[दृश्य: हिवाळ्यातलं निरभ्र आकाश, पांढरी रेघ सोडत जाणारं विमान.]

आता वेळ. कोलकाता इथून सुमारे १,६५० किलोमीटर. विमानाचा हवेच्या हिशेबानं वेग ताशी ८३० किलोमीटर धरू. हिवाळ्यात उत्तर भारतावर, खूप उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. त्यातला ताशी शंभर किलोमीटर जरी पाठीशी मिळाला, तरी जमिनीच्या हिशेबानं वेग ९३० होतो आणि पावणेदोन तासांत कोलकाता येतं. परतताना तोच वारा समोरून. वेग ७३०, वेळ सव्वादोन तास. अर्ध्या तासाचा फरक, आणि दोरा मात्र तेवढाच!

तिकिटावरची वेळ याहूनही जास्त असते. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ तीत धरतात. दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, नुसत्या वेगानं भागलं तर दीड तासही होत नाही. तिकीट मात्र दोन तासांच्या वरचं दिसतं. आणि परदेशी जाताना दोन्ही ठिकाणची घड्याळं तपासा. दुबईचं आपल्या दीड तास मागे आहे.

[दृश्य: दुपार. धावपट्टीचं टोक.]

इथली धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमान उडतं ते वाऱ्याला सामोरं जाऊन. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की कोलकात्याला निघालेलं विमानही आधी पश्चिमेकडे तोंड करून उडतं, आणि मग वळसा घालून पूर्वेला लागतं. त्या वळशाचे किलोमीटर दोऱ्यात धरलेले नसतात.