गढूळ पाण्यातले प्रवाळ
(मालवण येथे पर्यटन व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तोंडात नळी धरून पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासाठी स्नॉर्केलिंग करून परतलेला पाहुणा धक्क्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच म्हणतो, “फोटोत होतं तसं काही दिसलं नाही.” त्याचे बरोबर असते, कारण त्याने पाहिलेला फोटो बहुतेक वेळा आपल्याकडचा नसतोच. तो अंदमानातला असतो. तिथल्या वंडूरजवळ १९८३ साली स्थापन झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉयसारखी निर्मनुष्य बेटे आहेत. तिथे मुक्कामाला परवानगी नाही आणि बोटीत बसण्याआधी पर्यटकाजवळचे प्लास्टिक तपासले जाते. हे बेट आणि शेजारचे रेडस्किन आलटूनपालटून बंद ठेवतात. बेटाला विश्रांती देण्याची ही कल्पना मला फार आवडते.

आपल्याकडे जे आहे ते राष्ट्रीय उद्यान नव्हे, तर १९८७ साली घोषित झालेले, २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यानात माणसांचे हक्क उरत नाहीत, अभयारण्यात काही उरू शकतात, आणि आपल्याकडे तर सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत कुटुंबे नांदतात, तटाबाहेर होड्या चालतात, किनाऱ्यावर रापणीचे लांब जाळे ओढले जाते. अभयारण्याला मच्छीमारांनी केलेला विरोध त्यामुळे मला कधी अडाणीपणाचा वाटला नाही. ज्याची चूल या पाण्यावर पेटते, तो आधी प्रश्न विचारणारच.

आता मूळ तक्रारीकडे येतो. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बहुतेक अन्न तेच सूर्यप्रकाशावर तयार करते, म्हणून प्रवाळाला स्वच्छ, उजेड पोचणारे पाणी हवे, असे पुस्तकात लिहिलेले असते. आपल्या किनाऱ्यावर मात्र कर्ली आणि गड या नद्या पावसाळाभर सह्याद्रीची लाल माती समुद्रात आणून ओततात. अशा ठिकाणी नाजूक फांद्यांच्या प्रवाळांपेक्षा गोल, भरीव गोळ्यांसारखे प्रवाळ अधिक तग धरतात. ते अंगावर बुळबुळीत स्राव सोडतात, त्यात गाळ अडकतो आणि पाण्याच्या हेलकाव्याबरोबर निघून जातो. रंगाने ते बरेचसे तपकिरी, पिवळट, शेवाळी. नवख्या डोळ्याला ते खडपच, म्हणजे नुसता खडक वाटते. पण जवळ तरंगत राहून पाहिले, तर त्या खडपावर टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य खळग्यांची जाळी दिसते, आणि प्रत्येक खळग्यात एक जीव असतो. पाहुण्याला पाण्यात उतरवण्याआधी एवढे सांगितले, तरी त्याची अर्धी तक्रार किनाऱ्यावरच राहील.

असा गोळा चहूबाजूंनी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर व्यासाचा गोळा पन्नासेक वर्षांचा झाला. तुमच्यापैकी अनेकांपेक्षा वयाने मोठा. काही वर्षांपूर्वी मी ज्या होडीत होतो, तिचा नांगर वर ओढताना त्याच्या दाताला अडकून वीतभर तुकडा आला. बाहेरून तपकिरी, मोडलेल्या बाजूला पांढराशुभ्र, हाताला चिकट. होडीतले सगळे जण तो कौतुकाने हातोहात फिरवत होते, आणि त्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे समजले की या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. अंगठीतले पोवळे इथे मिळेल का, असे विचारणारेही भेटतात. ते लाल पोवळे खोल समुद्रातल्या वेगळ्या प्राण्याचे असते, आपल्या खडपाशी त्याचा संबंध नाही.

किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला ठसा आपण प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. तो चुन्यात उमटलेला आहे, आणि प्रवाळाचा सांगाडाही चुनखडीचाच असतो. मात्र प्रवाळावर पडलेल्या पायाने वरचा जिवंत थर, जो जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, चिरडला जातो आणि त्या जागी शेवाळ धरते. म्हणून थकलेल्या पाहुण्याला “जरा उभे राहा” म्हणू नये. त्याला रिंगचा आधार द्यावा. नांगर टाकायचाच असेल तर तो वाळूत टाकावा, आणि त्याहून बरे म्हणजे कायमचे बोये बसवून होड्या त्यांनाच बांधाव्यात.

पाणी तापले तर काय होते, हेही पाहुणे हल्ली विचारतात. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापून तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. एप्रिल-मे महिन्यांत असे पांढरे डाग दिसले, तर त्या जागी होडी नेणे थांबवावे, गिऱ्हाईक कितीही असो. आलटूनपालटून विश्रांती देणे आपल्यालाही जमेल.

राहिली वेळेची गोष्ट. पावसानंतर गाळ बसायला अवधी लागतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिवसात सकाळची भरती धरावी : बाहेरचे निवळ पाणी आत येते, आणि दुपारचा वारा अजून उठलेला नसतो.