जुनं गाणं भारी की नवं? आधी आवाज सारखा करा!

नमस्कार मंडळी! आवाज नीट येतोय न्हवं? मागच्या व्हिडिओत माईकला कॉलर घासत होती, तर निम्म्या लोकांनी मलाच सुनावलं, टेप दुरुस्तीवाल्याची लेक आणि साधा माईक लावता येत नाही. मान्य. आज कॉलरच नाही.

आजचा विषय तुम्हीच लावून धरलाय. मी व्हिडिओ टाकतो स्पीकरचा फाटलेला कोन कसा चिकटवायचा, आणि खाली भांडण काय? ‘जुन्या गाण्यांची सर नव्याला नाही.’ त्याच्याखाली लगेच, ‘काका, झोपा आता.’ मग काका उठून पाच ओळी लिहितात. शेवटी कुणीतरी विचारतं, ‘ताई, तुमचं मत काय?’

तर आज बोलतो. आणि हो, ‘ताई, तुम्ही बाई असून बोलतो, जातो, येतो का म्हणता?’ हे विचारणाऱ्यांसाठी शेवटचं सांगतो. मी कोल्हापूरची आहे. आमच्यात बायका अशाच बोलतात. माझी आजी ‘मी देवळात जाऊन आलो’ म्हणायची, तिला कुणी व्याकरण शिकवायला गेलं नाही. तुम्हीही जाऊ नका.

आता सोप्या गोष्टी भराभर उरकतो. एक, ज्या वयात मिसरूड फुटतं, वेण्या सुटतात, त्या वयातली गाणी जन्मभर चिकटतात. दोन, काळाची चाळण लागते. जुन्यातलं चांगलं तेवढं उरतं, नव्यातलं सगळंच अजून समोर पडलेलं असतं. हे तुम्हाला माहीत आहे, मी काही नवीन सांगत नाही.

फक्त एक खोकं दाखवतो. (खोकं टेबलावर.) आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानात लोकांनी दुरुस्तीला टेप दिला, टेप घेऊन गेले, आणि आत अडकलेली कॅसेट विसरून गेले. अशा या चाळीसेक कॅसेट. ही बघा, हिंदी सिनेमाच्या चालीवर देवीची गाणी. ही पण तसलीच, फक्त देव वेगळा. ही ‘झंकार बीट्स’वाली, म्हणजे जुन्या गाण्यावर मागाहून ढिशक्यांव ढिशक्यांव चिकटवलेलं. हिच्यावर पेनानं लिहिलंय, ‘साखरपुडा, बाजू ब’. या खोक्यातली तीन-चार गाणी सोडली तर मला एकही ओळखता येत नाही. हाही जुना जमानाच होता की! पण ‘तो काळच सोन्याचा’ म्हणताना हे खोकं कुणी काढत नाही.

बरं. आता माझं खरं दुखणं. कान इकडे करा.

तुम्ही दोन गाणी एकमेकांशी लावता तेव्हा त्यांचा आवाज सारखा करत नाही. व्हॉल्यूम. एवढंच. एवढ्या एका गोष्टीपायी निम्मी भांडणं फुकट चालली आहेत.

माझ्या भाच्याचं सांगतो. गणपतीत सगळे घरी जमलेले. त्यानं ब्लूटूथ स्पीकरवर आधी त्याचं गाणं लावलं, मग त्याच आवाजावर आमच्या काकांचं 1960च्या आसपासचं. स्पीकरच्या बटणाला हात लावला नाही, म्हणून त्याला वाटलं, बघा कसा न्याय केला. पण नव्या गाण्याचं रेकॉर्डिंगच मुळात दाबून भरलेलं असतं. कॉम्प्रेशन म्हणतात त्याला. गाण्यातला बारीक आवाज ओढून वर आणायचा, मोठा आवाज छताला टेकवायचा, आणि मग सगळंच वर ढकलायचं. सीडीच्या जमान्यात, विशेषतः 1990 नंतर, ही चढाओढच लागली, की माझी सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजली पाहिजे. जुन्या गाण्यात तसं नाही. तिथं बाई हळू म्हणते तेव्हा खरंच हळू ऐकू येतं.

त्यात कानाची एक खोड आहे. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं, की आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणजे बारीक वाजणारं गाणं नुसतं बारीक वाटत नाही, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. जुन्या डेकवर ‘लाऊडनेस’चं बटण असायचं ते याचसाठी, कमी आवाजावर खर्ज भरून काढायला. भाचा म्हणाला, ‘जुन्यात दमच नाही.’ अरे बाळा, दम आहे, तू त्याला बसवून ठेवलंयस.

आता उलटी बाजू, नाहीतर काका म्हणतील पोरानंच चूक केली. काकांनी आजची गाणी ऐकली कुठं? विसर्जनाला! मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत मंडळांच्या डॉल्बीच्या भिंती, आमच्या कपाटाच्या काचा थरथरत होत्या, आणि काका कानात कापूस घालून बाल्कनीत. आणि जुनी गाणी कुठं ऐकतात? रात्री साडेनऊला, दिवा मालवून, उशाशी छोटा रेडिओ ठेवून. आता हे काय तोलणं झालं? एक गाणं छातीवर बसून ऐकवलं, दुसरं थोपटत थोपटत. मग नवं म्हणजे गोंगाट वाटणारच. तेच नवं गाणं रात्री साडेनऊला उशाशी लावा की एकदा!

जाता जाता, डॉल्बीवरून आठवलं. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. आणि रे डॉल्बी नावाच्या माणसानं 1965 मध्ये लंडनला कंपनी काढली ती कशासाठी? टेपमधला नको तो आवाज कमी करायला. ती ‘सूऽऽ’ अशी खरखर असते ना कॅसेटमध्ये, ती घालवायला! डेकवर ‘डॉल्बी एनआर’ लिहिलेलं बटण असतं ते हेच. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण भिंतीला दिलं. नाद खुळा, दुसरं काय.

तिसरी बाजू सगळ्यात चोरटी. तुम्ही मोबाइलवर ‘जुनं ते सोनं, एचडी क्वालिटी’ असलं काहीतरी लावता. ते जुनं गाणं नसतंच! कुणीतरी त्यात खर्ज घुसवलेला, विहिरीत बसल्यासारखा घुमारा घातलेला, आणि वर तेच दाबून मोठं केलेलं. माझ्या खोक्यातल्या झंकारची ही नातवंडं. आणि खाली लिहिलेलं, ‘बघा, तेव्हाचं रेकॉर्डिंगसुद्धा आजच्यापेक्षा भारी होतं.’ मालक, ते आजचंच आहे!

म्हणून तिसऱ्यांदा सांगतो, आवाज सारखा करा. खासबागेत कुस्त्यांचं मैदान असतं तेव्हा जोड लावताना बघितलंय ना? समोरासमोर उभं करतात, अंगापिंडानं बघतात, मग हातात हात. शंभर किलोच्या गड्याला साठ किलोच्या पोरावर सोडला आणि म्हणालात ‘बघा, याची तालीम भारी’, तर लोक खुर्च्या फेकतील. गाण्याच्या बाबतीत तुम्ही रोज हेच करता.

करायचं कसं? काही ॲपमध्ये आवाज समान ठेवायचं सेटिंग असतं, स्पॉटिफायमध्ये आहे, ते चालू करा. पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका, कारण ते सगळ्या गाण्याचा मिळून आवाज मोजतं. मी गळा धरतो. नव्या गाण्यात ढोल, खर्ज, गळा असं एकेक वेगळं घेऊन नंतर बसवलेलं असतं. जुन्यात गायक आणि वाजवणारे एकाच खोलीत, एकाच वेळी. गायक माईकच्या पुढ्यात आणि बाकीचे मागं. म्हणून तिथं गळा अंगावर येतो आणि वाद्यं लांब राहतात. तेव्हा वाद्यं जुळवायला जाऊ नका. डोळे मिटा, आणि दोन्ही गाण्यांत गाणारा माणूस तुमच्यापासून सारख्याच अंतरावर बसलाय असं वाटेपर्यंत आवाज कमीजास्त करा. बटण दुसऱ्याच्या हातात द्या. कुठलं गाणं आवाजाच्या किती काड्यांवर, ते कागदावर लिहून ठेवा. झालं. मग भांडा, माझी ना नाही.

आम्ही गणपतीतच करून बघितलं. ‘सैराट’मधलं एक गाणं लावलं, झिंगाट नव्हे, सावकाशीतलं. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, ‘हे व्हायोलिन खरे आहेत रे, मशीनचे नाहीत.’ बरोबर ओळखलं. 2016चा तो सिनेमा, अजय-अतुलनी त्याचा वाद्यवृंद अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन घेतला होता. आणि भाच्यानं काकांचं गाणं संपल्यावर विचारलं, ‘ही बाई श्वास कुठं घेतीय?’ तेवढंच. दोघांनीही पक्ष बदलला नाही, उगाच आशा लावून घेऊ नका.

आता दोन कॉमेंटना उत्तरं. पहिली, ‘आजची गाणी अडीच मिनिटांत संपतात, रिल्सनी वाटोळं केलं.’ रिल्सचं मलाही पटतं, पण गाणं कापणं नवीन नाही. 78 आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटंच मावायची. आपल्या शाहू महाराजांच्या दरबारचे अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. मैफलीत एकेक राग तासभर मांडणारी बाई. त्यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची, 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तबकडी संपायच्या आत गाणं संपवायचं, ही तेव्हाची रीलच की. फरक एवढाच की त्यांच्या पोतडीत तासाभराचा माल होता आणि त्यातून त्या साडेतीन मिनिटं काढत होत्या.

दुसरी कॉमेंट, ‘आता सगळं घाईघाईत करतात, तेव्हा निवांत चाल लावायचे, बाबूजींसारखी.’ बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, आपलेच, 1919 साली कोल्हापुरात जन्मलेले, त्यांच्याबद्दल वाकडं बोलायची माझी छाती नाही. पण नेमकं उदाहरण चुकलं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1955-56 मध्ये वर्षभर चाललं, 56 गाणी, दर आठवड्याला नवं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, बसवायचं, प्रसारण ठरलेलं. यात निवांत कुठं आहे? घाई तेव्हाही होती. माणसं कोण होती ते बघा.

‘तुमचं मत काय’ हे राहिलंच. मला जुनंच आवडतं. पण त्याच्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही, आणि त्याला कारण हा टेप. (टेप पुढे ओढतो.)

आमची आत्ती एकदा मोबाइलवर तिचं लाडकं गाणं ऐकून चिडली. म्हणाली, ‘हे गाणं भरभर पळवलंय. हल्लीची माणसं जुनं गाणंसुद्धा नीट राहू देत नाहीत.’ मी म्हणलं, असं कसं होईल? पेटी घेतली. मोबाइलवर गाणं निघालं काळी दोनच्या पट्टीत. मग हा टेप काढला, तिचीच कॅसेट घातली, तर पांढरी दोन! अर्धा सूर खाली. घड्याळ लावलं. मोबाइलवर 3 मिनिटं 20 सेकंद, टेपवर 3 मिनिटं 32. बारा सेकंद जास्त. पाठ उघडली. आतला बेल्ट सैल पडलेला, मोटारही दमलेली. टेप दुरुस्तीवाल्याच्या घरातला टेप, वीस वर्षं मंद चालत होता आणि कुणालाच पत्ता नाही. लोकांचे टेप आबा दुरुस्त करायचे, घरचा करायला वेळ कुणाला होता!

म्हणजे आत्तीला जो गोडवा आठवतो, जो संथपणा, ‘असं आता कुणी गात नाही’ असं ती ज्याच्याबद्दल म्हणते, त्यात बारा सेकंद आमच्या बेल्टचे आहेत. आणि मी तेच गाणं तिच्या मांडीवर ऐकत मोठा झालो. मलाही खरं गाणं पळवल्यासारखंच वाटतं, अजूनही.

मी नवीन बेल्ट आणला. हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, हेडचा स्क्रू कानानं जुळवला, बेल्ट घालायला घेतला, तर आत्ती मागं उभी. म्हणाली, ‘बाकी काय करायचं ते कर, त्याला हात लावू नकोस. गाणं पळतंय मग.’

बेल्ट ड्रॉवरमध्ये पडलाय. पुढच्या व्हिडिओत बेल्ट बदलून दाखवीन म्हणालो होतो, पण तो या टेपवर नाही दाखवता येणार. तुमच्यापैकी कुणाकडं बंद पडलेला टेप असेल तर कळवा. चला, खाली आत्ती हाका मारालीय, चहा झालाय.