वहिवाट हेगपर्यंत गेली

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना वहिवाट म्हणजे काय हे मी सांगायला नको. आपलं रान दुसऱ्याच्या रानापलीकडे असलं की बांधावरून वाट लागते. माणसं जातात, बैलगाडी जाते, पिढ्यान्‌पिढ्या जाते. मग एक दिवस वाटेवर काटेरी फांदी आडवी पडते आणि तहसीलदाराकडे खेटे सुरू होतात.

अगदी असाच तंटा एका देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध लढवला. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. वाट होती दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जायची. दमण समुद्रकाठी, पोर्तुगिजांच्या ताब्यात. दादरा आणि नगर हवेली मात्र आत, चहूबाजूंनी भारत. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झालं, २ ऑगस्टला नगर हवेलीतलं मुख्य गाव सिल्वासा. त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पोर्तुगालला तिथे फौज धाडायची होती आणि भारताने वाट दिली नाही.

आता मला जे सांगायचंय ते. पोर्तुगालने न्यायालयापुढे ठेवला १७७९ चा तह, पेशव्यांशी झालेला. त्यानंतरच्या सनदा १७८३ आणि १७८५ च्या. पेशव्यांनी आम्हाला हा मुलूख दिला, आम्ही त्याचे धनी, आणि धन्याला आपल्या घरी जायची वाट हवीच, असं त्यांचं म्हणणं. भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड उभे होते. न्यायाधीशांत भारताने नेमलेले म. क. छागला होते. दोघंही मुंबईत वकिली केलेले. युरोपातल्या त्या इमारतीत, जगभरच्या न्यायाधीशांसमोर, खल चालला तो आपल्या एका शब्दावर. सरंजाम!

पेशव्यांनी दिलं काय होतं? बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं. म्हणजे गावांचा वसूल. न्यायालयाने निकालात म्हटलं, हा सरंजाम आहे, जहागीर आहे. असा सरंजाम म्हणजे मुलूख कायमचा तोडून देणं, असं एकही उदाहरण आमच्यापुढे आलेलं नाही. श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो. वसूल वेगळा, मालकी वेगळी. वसूल दिला होता, मालकी दिली नव्हती.

इथे थोडं बाजूला जातो. पेशवाईतले कागद मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे आपल्यात किती उरलेत? शाळेत मोडी शिकवायलाच हवी, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो. आजोबांच्या ट्रंकेत असे कागद असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका.

पण निकाल तेवढ्यावर थांबला नाही. पेशवाई गेल्यावर भोवतालचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्यांनी पोर्तुगिजांना तिथले धनी मानलं आणि वाट चालू दिली. सव्वाशे वर्षं चालू दिली. सव्वाशे वर्षं चाललेली वाट म्हणजे वहिवाट, आणि न्यायालयाने ती मानली. मात्र कुणासाठी? साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी. फौज, हत्यारी पोलीस, दारूगोळा यांच्यासाठी नाही. त्यांना इंग्रजांच्या काळातही परवानगी मागावी लागे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. फौजेला हक्क नाही, हे ठरलं आठ विरुद्ध सात अशा मतांनी. एका मताचा फरक! आणि १९५४ साली वाट अडवली त्यात भारताने काही चुकीचं केलं नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

मधल्या काळात दादरा-नगर हवेलीचा कारभार तिथली वरिष्ठ पंचायत पाहत होती. तांत्रिकदृष्ट्या हा मुलूख अजून भारतात आलेला नव्हता. विलीनीकरणाच्या करारावर भारतातर्फे पंडित नेहरू सही करणार, तर समोर त्याच तोलाचा माणूस हवा. म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसासाठी दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान केलं गेलं. ११ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी सही केली.

त्यानंतर चार महिन्यांत, डिसेंबरात, गोव्याबरोबर दमणही मुक्त झालं. दोन्ही टोकं भारतात आली आणि दमण ते सिल्वासा वाट कुणाची, हे विचारायला कुणी उरलं नाही.